पावसाळी रानभाज्या, दादरचे स्वयंपाकघर: प्रकल्प नोंदी, २०२५

१ जून २०२५, रविवार

यंदाच्या पावसाळ्यात मुंबईच्या बाजारात येणाऱ्या रानभाज्या हंगामाच्या क्रमाने आणायच्या, शिजवायच्या आणि त्यांची कृती लिहून ठेवायची, हे काम आजपासून हाती घेतले आहे. छापील पाककृतींत 'भाजी निवडून, धुऊन, चिरून घ्यावी' एवढ्या एका ओळीत जे उरकलेले असते, तेच रानभाजीच्या बाबतीत खरे काम असते. खाज कशाने जाते, कडूपणा किती राखायचा, कोवळे कुठवर आणि जून कुठून, हे एकदा कळले की पुढची फोडणी कोणालाही जमते. म्हणून या वहीत निवडण्या-साफ करण्याला भरपूर जागा देणार आहे आणि मसाल्याला कमी.

काही गोष्टी आधीच ठरवून टाकल्या आहेत. भाजी आपण होऊन कुठून खुडून आणायची नाही; संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून तर काहीही तोडणे कायद्याने मना आहे. पालघर, शहापूर, कर्जतकडून पहाटेच्या लोकलने पाट्या घेऊन येणाऱ्या आदिवासी बायका जे स्वतःच्या घरी शिजवतात, तेवढेच त्यांच्याकडून घ्यायचे आणि कृतीही त्यांनाच विचारायची. रानातली अळंबी या प्रकल्पात नाही. ती रुचकर असते यात शंका नाही, पण खाण्याजोगी आणि विषारी यांतला फरक ओळखायला वर्षानुवर्षांची नजर लागते, आणि ती नजर माझ्याजवळ नाही.

मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला अपेक्षित असतो. यंदा हवामान खात्याने तो २६ मे रोजीच दाखल झाल्याचे जाहीर केले, त्यामुळे शेवळे संपण्याच्या आत गाठायची घाई होती. शेवळे म्हणजे सुरणाच्या जातकुळीतल्या एका रानकंदाचा फुलोरा. वळवाच्या सरी पडल्या की आधी फुलोरा जमिनीबाहेर येतो आणि पान मागून फुटते, म्हणून ही भाजी मिळते ती मोजकेच दिवस. स्टेशनच्या पश्चिमेला बसणाऱ्या मावशींकडे जुड्या होत्या आणि शेजारी काकडांचा, म्हणजे काकड या रानझाडाच्या हिरवट, आंबट, आवळ्याहून लहान फळांचा ढीग होता. मी फक्त जुडी उचलली, तेव्हा त्यांनी हात धरूनच थांबवले. "भाऊ, काकडं घेतल्याबिगर शेवळं न्यायची नाय. घसा धरला तर नाव माझं निघंल."

खाजेचे कारण असे, की शेवळांत, अळूत आणि सुरणातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते जिभेला व घशाला टोचतात. आंबट पदार्थ घालून नीट शिजवले की त्यांचा त्रास कमी होतो. कोकणात अळूला चिंच किंवा आमसूल लावतात ते याचसाठी. शेवळांना मात्र काकडांची जोड ठरलेली आहे.

हाताला तेल चोळून साफ करायला बसलो. बाहेरची जून पाती एकेक करून सोलली, की आत गुळगुळीत, फिकट गुलाबी आवरण लागते. ते उभे उघडले की मधला दांडा मोकळा होतो. या दांड्याच्या तळाशी पिवळसर, दाणेदार भाग असतो, बोट फिरवले तर दाणे सुटे लागतात. ती खरी फुले, आणि तेवढा भाग कापून टाकायचा असतो. उरलेला दांडा आणि कोवळे आवरण अगदी बारीक चिरायचे. जुडी मोठी दिसते, पण साफ केल्यावर हातात येते ते फार थोडे, हे लक्षात ठेवूनच खरेदी करावी.

चिरलेली शेवळे सढळ तेलात तांबूस होईपर्यंत परतली. मूठभर काकडे ठेचून, बिया काढून, पाण्यात कोळून ते पाणी गाळून घातले आणि मंद आचेवर भरपूर वेळ शिजू दिले. त्यानंतर कांदा, लसूण, तिखट, थोडे भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण. ताटे वाढण्यापूर्वी एक चमचाभर भाजी मी एकट्याने खाल्ली आणि काही वेळ थांबून पाहिले. घसा शांत होता. ही चाचणी शेवळांच्या कृतीचा भाग म्हणूनच लिहीत आहे, ती वगळू नये.

चव कशी, असे घरात सर्वांनी विचारले. भाजीपेक्षा ती खिम्याच्या जवळ जाते: दाणेदार, तेलात मुरलेली, मागे किंचित तुरटपणा ठेवणारी. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरांत शेवळे खिम्यात किंवा सोड्यांबरोबर, म्हणजे सोलून सुकवलेल्या कोलंबीबरोबर, घालण्याची रीत आहे आणि ती का पडली असेल, हे पहिल्या घासालाच पटले.

३ जून, मंगळवार

उरलेल्या शेवळांचे दोन वाटे केले. एकात काकडे, एकात चिंचेचा कोळ. दोन्हींत भिजवलेले सोडे. खाज दोन्हींत नाही. पण चिंचेने भाजी काळपट झाली आणि चिंचेची गोडसर आंबट चव सगळ्यावर पसरली, तर काकडांचा आंबटपणा मागे राहून सोड्यांना आणि शेवळांना पुढे येऊ देतो. काकडे न मिळाल्यास चिंच चालेल, असे लिहितो. मिळत असल्यास चिंच घालू नये, असेही लिहितो.

१५ जून, रविवार

टाकळा. पहिल्या सरींनंतर रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीवर सर्वत्र उगवणारी ही भाजी आहे आणि म्हणूनच ती कुठून खुडली आहे हे विचारून घ्यावे. रेल्वेमार्गाच्या कडेची किंवा गटाराजवळची घेऊ नये. आजच्या मावशी वसईच्या आतल्या गावाकडून आल्या होत्या. त्यांनी एक उपयोगी गोष्ट सांगितली: संध्याकाळी टाकळ्याची पाने जोडीजोडीने मिटतात, त्यामुळे तिन्हीसांजेला जुडी कोमेजल्यासारखी दिसते आणि लोक ती शिळी समजून परत ठेवतात. ताजेपणा पानावरून न पाहता देठ मोडून पाहावा. कटकन मोडला तर भाजी कोवळी.

कोवळी पानेच घ्यायची, देठ टाकून द्यायचे. टाकळ्याला स्वतःचा उग्र वास असतो, तो धुण्याने जात नाही. लसणाची फोडणी, कांदा, हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ आणि शेवटी ओले खोबरे, एवढ्यावर तो वास सौम्य होतो. झाकणावर पाणी ठेवून वाफ आणली, भाजीत पाणी घातले नाही. डाळ अख्खी राहिली पाहिजे.

२२ जून, रविवार

टाकळाच, पण फणसाच्या आठळ्या घालून. आठळ्या उकडून, सोलून, चौकोनी तुकडे केले. रत्नागिरीकडच्या शेजाऱ्यांनी हे सुचवले होते. आठळीचा पिठूळपणा टाकळ्याच्या उग्रपणाला चांगला तोलून धरतो आणि मूगडाळीची गरज उरत नाही. फणसाचा हंगाम संपत आणि टाकळ्याचा सुरू होत असताना ही जोडी जुळते, म्हणून जूनमध्येच करून घ्यावी.

४ जुलै, शुक्रवार, कांदेनवमी

परवा आषाढी एकादशी. आईचा चातुर्मास सुरू होईल आणि त्या काळात आमच्या घरात कांदा, लसूण, वांगे येत नाही. त्यामुळे आज कांद्याचा शेवटचा दिवस, आणि बाजारात योगायोगाने फोडशी आली.

फोडशी दिसायला गवताच्या पातीसारखी असते. सफेद मुसळीच्या कुळातली ही वनस्पती आहे. पाती मुळाशी एकमेकींना घट्ट धरून असतात आणि त्या सांध्यांतच सगळी माती बसलेली असते, म्हणून जुडी अख्खी धुण्यात अर्थ नाही. बुडखा कापावा, पाती सुट्या कराव्यात, मधला कडक दांडा ओढून काढावा आणि मगच पाण्यात टाकाव्यात. पाणी बदलत राहावे आणि तळाशी रेती दिसेनाशी झाली की थांबावे.

निम्म्या फोडशीची कांदा आणि चणाडाळ घालून भाजी केली. निम्मी अगदी बारीक चिरून, उभ्या कापलेल्या कांद्यात मिसळून, मीठ लावून ठेवली. सुटलेल्या पाण्यातच मावेल तेवढे बेसन घालून भजी तळली. भाजी चांगली झाली, पण भजीत फोडशी हरवून गेली, कांद्याने तिला झाकून टाकले. सणाची भजी म्हणून ती सर्वांनी आवडीने खाल्ली, तरी फोडशीची कृती म्हणून मी ती नोंदवणार नाही.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

आज उपास, भाजी नाही. आईशी बसून पुढच्या चार महिन्यांची आखणी केली. कांदा-लसूण नसताना आधार कशाचा, हा प्रश्न होता. तिचे उत्तर हिंग, जिरे, ओले खोबरे, किंचित गूळ आणि भिजवलेल्या डाळी. तिचे म्हणणे असे, की कांद्याने प्रत्येक भाजीला एकच गोडवा येतो आणि मग पालेभाज्या एकमेकींपासून ओळखू येत नाहीत. दोन दिवसांपूर्वीच्या भजीवरून मला हे मान्य आहे. यापुढच्या सगळ्या नोंदी बिनकांद्याच्या असतील.

१३ जुलै, रविवार

भारंगी. या प्रकल्पातील सर्वांत अवघड भाजी हीच ठरेल असे वाटते, कारण तिची कृती पूर्णपणे कडूपणाच्या हिशोबावर उभी आहे. पाने लांबट, कडेला दातेरी, हाताला जाड लागणारी. कफ, खोकला आणि दम्यावर गुणकारी म्हणून ती जुन्या काळापासून ओळखली जाते आणि आईच्या माहेरी पावसाळ्यात ती एकदा तरी झालीच पाहिजे असा दंडक होता.

शेंड्याकडची कोवळी पाने घेऊन मधली शीर काढली, बारीक चिरली आणि जुडीचे तीन वाटे केले. पहिला वाटा तसाच फोडणीला टाकला. दुसरा उकळत्या पाण्यात घालून, पाच-सात मिनिटांनी काढून, पाणी निथळू दिले. तिसराही तसाच उकळला, पण गार झाल्यावर मुठीत धरून घट्ट पिळला. पिळताना बोटांच्या फटींतून गडद, तपकिरी हिरवे पाणी निघाले आणि त्याचा वास काढ्यासारखा होता. पाणी चाखले तर तोंड कडू झाले.

तिन्ही वाटे एकाच पद्धतीने केले: हिंग-जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची, मोड आणून सोललेले वाल, मीठ, गुळाचा खडा, वर खोबरे. वाल आदल्या दिवशी सकाळी भिजवले होते, रात्री फडक्यात बांधले आणि आज कोमट पाण्यात घालून सोलले. न उकळलेली भाजी आईशिवाय कोणी संपवू शकले नाही. पिळलेली भाजी सर्वांना चालली, परंतु तिच्यात भारंगी उरली नव्हती, कोणताही शिजलेला पाला चालला असता. मधली, नुसती निथळलेली, हीच योग्य आहे. आधी वालाचा गोडवा लागतो, मग कडूपणा येतो आणि तो घास गिळल्यावरही राहतो. ज्याला भारंगी खायची आहे त्याने हा कडूपणा स्वीकारावा, अन्यथा दुसरी भाजी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गुळाचा खडा सुपारीएवढाच असावा.

२० जुलै, रविवार

कुर्डू. फुलोरा यायच्या आत घ्यावा. एकदा टोकाला गुलाबी-रुपेरी तुरे दिसू लागले की पाने चिवट होतात. चवीला माठाच्या जवळ, सौम्य. मूगडाळ आणि खोबरे पुरे. विशेष साफसफाई नाही, खाज नाही, कडूपणा नाही. रानभाजी कधीच न खाल्लेल्या माणसाला सुरुवातीला हीच द्यावी.

२७ जुलै, रविवार

श्रावणातला पहिला रविवार आणि बाजारात सगळीकडे कंटोली. ही आता मुंबईकरांना नवी राहिलेली नाही. मोठ्या भाजीवाल्यांकडेही ती मिळते, कारण अलीकडे तिची लागवड होते. लागवड सोपी मात्र नाही. कंटोलीचे नर आणि मादी वेल वेगळे असतात, फळ मादी वेलालाच धरते, आणि बियांपासून उगवलेला वेल नर निघेल की मादी हे फुलल्याशिवाय कळत नाही. म्हणून माहीत असलेल्या वेलाचे कंद लावतात आणि शेतात काही नर वेलही राखतात. भाव चढे असतात त्यामागे ही मेहनत आहे.

रानातली आणि शेतातली अशी दोन्ही घेतली. रानातली आकाराने लहान, काटे दाट, रंग गडद. काट्यांमध्ये चिखल असतो, तो जुन्या मऊ ब्रशने काढावा लागतो. पातळ चकत्या करून मीठ-हळद लावली आणि तव्यावर थोड्या तेलात, तांदळाच्या पिठात घोळवून, दोन्ही बाजूंनी कुरकुरीत केल्या. बी कोवळे असेल तर ठेवावे, दाताखाली ते छान लागते. पिकून पिवळे-केशरी झालेले फळ असेल तर बी काढून टाकावे. दोन्हींच्या चवीत फरक आहे, पण भावातल्या फरकाएवढा नाही. आईचे मत याच्या विरुद्ध आहे आणि तेही येथे नोंदवून ठेवतो.

१० ऑगस्ट, रविवार

ऑगस्टमध्ये राज्यात ठिकठिकाणी कृषी विभागाच्या पुढाकाराने रानभाजी महोत्सव भरतात, आणि कदाचित त्यामुळे बाजारातही या दिवसांत विचारणा वाढलेली दिसली. कवळा मिळाला. बोटभर डहाळीला बारीक पाने. ओल्या मातीत उभा असताना हात लावला तर लाजाळूसारखी मिटतात, असे मावशींनी सांगितले. निवडायला फार वेळ जातो. आम्ही तिघे जण बसलो आणि तरी दुपार झाली. जाड देठ एकही राहता कामा नये, राहिला तर तो चघळत बसावे लागते. भिजवलेली मूगडाळ, हिरवी मिरची, हिंग, खोबरे, झाकणावर पाणी. आतापर्यंतच्या पालेभाज्यांत मला ही सर्वांत आवडली. तिला हिरव्या शेंगांसारखा ताजा वास आहे आणि तो शिजल्यावरही टिकतो. कांदा असता तर हा वास कळला नसता.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून मुसळधार पाऊस, लोकल विस्कळीत, रस्त्यांत पाणी. ज्यांच्या पाट्यांवर ही वही चालते त्या बायका शहरात पोहोचणे शक्य नव्हते. एका पावसात त्यांची खेप बुडते आणि खुडलेला पाला दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, हे भाव करताना आपण विसरू नये.

इमारतीच्या मागे लावलेले अळू होते, काळ्या देठाचे. त्याचे फतफते केले: चणाडाळ, शेंगदाणे, चिंच, गूळ. देठ सोलून घेतले. चिंच पाने शिजत असतानाच घातली, शेवटी नाही. शेवळांच्या वेळी जो वेळ काकडांना दिला तोच येथे चिंचेला दिला. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी ऑक्झलेट अधिक असलेल्या या भाज्या वैद्यकीय सल्ल्यानेच खाव्यात, ही सूचना अळू आणि शेवळे दोन्हींच्या कृतीत लिहिली आहे.

२८ ऑगस्ट, गुरुवार, ऋषिपंचमी

काल गणपती बसले, आज ऋषीची भाजी. बैलाच्या कष्टाचे, म्हणजे नांगरटीच्या जमिनीत पिकलेले, आज खायचे नाही, असा या दिवसाचा नियम. पूर्वी परसातले अळू, माठ, भोपळा, पडवळ, शिराळे, भेंडी, सुरण, मक्याचे कणीस यांवर तो पाळता येत असे. मुंबईत परस नाही. बाजारातून 'ऋषीची भाजी' म्हणून एकत्र वाटा घेतला तर त्यातले काय कशा जमिनीत पिकले आहे, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. मग नियम खऱ्या अर्थाने पाळणाऱ्या भाज्या कोणत्या, तर या वहीतल्या. माझे म्हणणे आईसमोर मांडले. तिने विचार करून कवळा आणि कुर्डू यांना होकार दिला, रानातल्या कंटोलीलाही दिला. भारंगीला नकार, कारण नैवेद्यात कडू नको.

भाजीत तेल नाही, फोडणी नाही, मसाला नाही. त्यामुळे सगळी भिस्त शिजवण्याच्या क्रमावर. जाड बुडाच्या पातेल्यात आधी सुरण आणि मक्याचे तुकडे चिंचेच्या पाण्यात घातले. ते अर्धवट शिजल्यावर अळूची देठी व पाने, मग भोपळा, पडवळ, शिराळे आणि कंटोलीच्या फोडी, आणि अगदी शेवटी कुर्डू व कवळा. हिरवी मिरची ठेचून, मीठ बेताने, उतरवताना भरपूर ओले खोबरे. बाहेरून घातलेले पाणी जवळजवळ नाही, भोपळा आणि शिराळे आपले पाणी सोडतात. सोबत वरीचे तांदूळ.

कवळ्याचा वास तेलाविना अधिक स्वच्छ आला. कंटोलीचे काटे मात्र तव्यावरच्या चकत्यांत जसे कुरकुरतात तसे येथे राहत नाहीत, शिजून लिबलिबीत होतात. पुढल्या वर्षी कंटोली या भाजीत नको. कुर्डू दुप्पट घ्यावा.

७ सप्टेंबर, रविवार

टाकळ्याला पिवळी फुले आली आहेत, कुर्डूला तुरे. पालेभाज्यांच्या नोंदी येथे थांबतात. शेवळे, भारंगी, कवळा आणि ऋषीची भाजी यांच्या कृती स्वच्छ लिहून झाल्या आहेत, फोडशीची बिनकांद्याची कृती राहिली आहे. चाईचा बार, म्हणजे एका रानकंदाच्या वेलीला येणारा फुलांचा तुरा, यंदा दादरला दिसला नाही. मावशींच्या सांगण्यावरून तो कर्जत-नेरळकडे मिळतो, देठावरून ओरबाडून घ्यावा लागतो आणि परतण्यापूर्वी उकळत्या पाण्यातून काढावा लागतो. त्यांच्या गावाकडे तो अजून आठवडाभर निघेल असे त्या म्हणाल्या. येत्या शनिवारी पहिल्या कर्जत लोकलने जायचे ठरवले आहे. आईने पिशवीत कापडी फडके घ्यायला सांगितले आहे, कारण प्लास्टिकमध्ये फुले दुपारपर्यंत काळी पडतात.